दोन सेकंदांत वंशावळ

३ मार्च, सोमवार
संकल्प: पहाटे उठणे. चहा कमी. वंशावळींच्या चाचणीत बाकी सगळ्यांना धूळ चारणे. एकच जनुक माणूस, उंदीर, कोंबडी, मासा अशा सगळ्यांत सापडतं. कुठलं कुठून फुटलं याची वंशावळ काढायच्या पाच संगणकी पद्धती आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम तपासणार आहेत. पाचवी माझी. ती त्यांच्या शोधनिबंधात आली तर माझी नोकरी वर्षभर वाढेल, असं त्या स्वतः म्हणाल्या. म्हणजे वाढलीच.
उठायला नऊ वाजले.

७ मार्च
बाकीच्या पद्धती दोन-दोन दिवस दळत बसतात. माझी दोन सेकंदांत मोकळी. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, इतक्या लवकर कसं? जळते.

१२ मार्च
चष्मेवालीचं नवीन खुसपट. वेगवेगळी जनुकं दिली तरी तुझी वंशावळ तीच कशी येते, म्हणे. याला सातत्य म्हणतात, असं समजावलं. शिवाय अजून सोपीच जनुकं घेतली आहेत, प्रत्येक प्राण्यात एकच प्रत असलेली. अवघड पुढच्या आठवड्यात. नक्की.

१९ मार्च
अवघड राहिली. खुर्ची करकरते, अशात कोण काम करणार. स्लाइड्स मात्र झकास झाल्या. घरी बायकोला वेग दाखवला. एवढा वेळ वाचतो तर भांडी घास, म्हणाली. शास्त्राची कदर नाही. घासली.

२६ मार्च
सेमिनार. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात चष्मेवालीने सगळ्यांसमोर माझ्या प्रोग्रॅमला रिकामी फाईल दिली. एकही जनुक नाही. दोन सेकंदांत वंशावळ हजर.

२६ मार्च, संध्याकाळी
झालं असं: आधाराला म्हणून प्रत्येक पद्धतीला प्राण्यांची सर्वमान्य वंशावळ द्यावी लागते. माझा प्रोग्रॅम जनुकांची फाईल उघडतच नाही, तीच वंशावळ जशीच्या तशी परत देतो. सोप्या जनुकांची वंशावळ बहुधा तशीच असते, म्हणून इतके दिवस खपलं. पण चूक बारीक आहे, एका ओळीची. मॅडमना म्हटलं, उद्या दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, हात लावू नका, मला असाच हवाय.
मॅडमना पारख आहे.

९ एप्रिल
निकाल. पाचांत तिसरा. दोन नामांकित पद्धती माझ्या मागे. तक्त्यात माझ्या पद्धतीचं नाव छापलंय, ‘काहीही न करणारी पद्धत’. मॅडम म्हणाल्या, तिच्याही मागे कोण पडतं तेच बघायचं होतं. फार वाईट वाटलं. पण तिसरा म्हणजे तिसरा. लगे हात नोकरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, पद्धत ठेवून घेतोय, पण ती चालवायला माणूस लागत नाही.
टेबल आवरायला चष्मेवालीने खोकं आणून दिलं. छोटं पुरेल, म्हणाली. पुरलं.