बैठक नसलेली पोरगी

प्रिय दादा,

धम्मप्रियाला समजावायला रविवारी जळकोटला ये, हा तुझा निरोप वहिनीने फोनवर सांगितला. तू स्वतः बोलला नाहीस ते बरंच झालं, मी काहीतरी वाकडं बोलून गेले असते. म्हणून हे पत्र. तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन अर्धी लिहून कुठे ठेवली ते आठवत नाही. हसू नकोस. या विसरण्याला नाव आहे आणि ते मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

फेब्रुवारीत इथे नांदेडला मी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. अपघाताचे पेशंट आले की माझ्यासारखी नर्स नाही असं दवाखान्यात सगळे म्हणतात, आणि त्याच पेशंटची नोंद रजिस्टरात करायची राहिली म्हणून मला चौथा मेमो मिळाला होता. बाईंनी तीनदा बोलावलं, शाळेपासूनचं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. लहानपणापासूनचा. यात आळस नाही, माज नाही, मेंदूची ठेवणच अशी. मी रडले असेन असं तुला वाटेल. मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. गोळी सुरू झाल्यावर एका दुपारी मी दिवसभराच्या नोंदी एका दमात लिहून काढल्या आणि संतापाने रजिस्टर दाणकन मिटलं. तुम्हा लोकांना हे रोज इतकं सोपं जायचं?

अण्णांना लहानपणी वर्गाबाहेर बसून शिकावं लागलं होतं, त्यामुळे गुरुजी झाल्यावर अभ्यास म्हणजे त्यांचा जीव की प्राण का झाला, हे मला समजतं. चौदा एप्रिलच्या आधी विहारात पोरांना सलग अठरा तास अभ्यासाला बसवायची प्रथा आपल्याकडे त्यांनीच आणली. मी पंधरा वर्षांची होते. सकाळी सहाला बसले, आठला पाणी प्यायला उठले. बाहेर मंडपवाल्यांच्या पताका गुंतल्या होत्या, त्या सोडवत बसले आणि साडेदहा वाजून गेले. अण्णांनी दंडाला धरून आत आणलं, दाराशी उभं केलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबासाहेबांच्या नावाला बट्टा लावायलीय ही. हिला बैठकच न्हाई." संध्याकाळपर्यंत उभी होते. तू पहिल्या रांगेत होतास. एकदा मान वर केलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि पान उलटलंस. अण्णांना मी माफ केलंय, त्यांना ठाऊक नव्हतं. तुला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

लातूरचं तर तू कधी विचारलंच नाहीस. दोन वर्षं तिथल्या हॉस्टेलच्या खोलीत चौदा-चौदा तास पुस्तकासमोर बसले आणि बारावीला रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पान उलटून बघायचंच विसरले. अण्णांना वाटलं, पोरगी कुणाच्या तरी नादी लागली. तू माझ्या वह्या झटकून झटकून चिठ्ठ्या शोधल्यास. सापडल्या नाहीत, तरी कधी चुकलो म्हणाला नाहीस.

आता तुझी लेक, धम्मप्रिया. वहिनी सांगते, गणित तोंडी सोडवते आणि कागदावर चुकवते, कुकर लावते आणि विसरते. तू तिला एक जूनला लातूरच्या हॉस्टेलवर टाकणार, आणि त्याआधी मी येऊन माझं उदाहरण द्यायचं. "आत्यासारखं व्हायचं हाय का तुला?" हे तू तिला रोज ऐकवतोस, मला ठाऊक आहे. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, मी हे मुद्दाम करते का गं? मला तर कळंनाच झालंय." दादा, तुझी पोर स्वतःवरच संशय घ्यायला लागलीय.

मी रविवारी येणार ते तिला समजावायला नाही. सोमवारी सकाळी अकराला बाईंकडे तिचा नंबर लावलाय, वहिनीने तिचे कपडेही भरून ठेवलेत. तिलाही तेच असेल की नाही, मला माहीत नाही, पण आधी ते बघायचं, मग हॉस्टेलचं. बाईंना तिच्या आई-वडिलांशी बोलायचंय, तेव्हा तूही चल. दारात आडवा उभा राहू नकोस, या वेळी मी गप्प बसायची नाही. मला विहाराच्या त्या दारातून न्यायला कुणी आलं नव्हतं. तिला न्यायला मी येतेय.

तुझीच धाकटी,
लुंबिनी