सरावाच्या पुतळ्याला बाईची छाती शिवल्याचा खुलासा

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
बस आगार व कार्यशाळा.

विषय : कुलूपबंद पुतळा बाहेर काढण्याबाबत, तसेच माझ्या छातीला हात लावण्यास मी देत असलेल्या पूर्वपरवानगीबाबत.

संदर्भ : प्रथमोपचाराच्या पुतळ्याचे विद्रूपीकरण व सभ्यतेचा भंग केल्याबद्दल आपण मला दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये मी, आगाराच्या शिवण खोलीत बसच्या आसनांची कव्हरे शिवणारी कर्मचारी, सविनय सादर करते की, आरोप मला मान्य आहे. छाती मीच शिवली. स्पंज व रेक्झिन टाकाऊ होते, काम जेवणाच्या सुट्टीत केले आणि दोरा घरचा होता. त्यामुळे मालमत्तेच्या अपहाराचे कलम तेवढे कृपया वगळावे.

१. छाती दाबून बंद पडलेले हृदय चालू करण्याचा सराव आगारातील सर्व चालक व मेकॅनिक यांनी या पुतळ्यावर केला आहे. रुंद, सपाट छातीमुळे सगळे त्याला पहिलवान म्हणतात. हा सराव फुकट गेला असे माझे म्हणणे मुळीच नाही. गेल्या वर्षी हेड मेकॅनिक बसखालच्या खड्ड्यातून वर येता येता कोसळले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचा शर्ट टराटर फाडला, आळीपाळीने छाती दाबली, भिंतीवरचे झटका देणारे यंत्र आणून लावले. एक बरगडी मोडली, पण माणूस वाचला. ते अजून त्या बरगडीच्या नावाने खडे फोडतात आणि आम्ही सगळे आनंदाने ऐकून घेतो.

२. त्यानंतर स्टोअरच्या ताई पडल्या. सुटे भाग सांभाळणाऱ्या या ताई बरेच दिवस सांगत होत्या की पाठ भरून येते, जबडा ठणकतो, जिना चढवत नाही. प्रथमोपचार पेटीतून त्यांना पित्ताची गोळी मिळाली. बायकांना दगदग फार, जरा पडून राहा, असा सल्लाही फुकटात मिळाला.

त्या काउंटरसमोर कोसळल्या तेव्हा तेच शिकलेले पुरुष धावत आले. आणि महोदय, आले ते पाठ फिरवून गोल उभे राहिले. दोघांनी माझ्याच खोलीतले रेक्झिन आणून पडद्यासारखे धरले. "बायकांना बोलवा, बायकांना बोलवा" असा एकच धोशा. पडदा धरणाऱ्यांत हेड मेकॅनिक स्वतः होते. बायका म्हणजे आम्ही तिघी : मी, तिकीट खिडकीवरची आणि सफाईवाली. आम्हां तिघींना सरावाला कधी बोलावलेच नव्हते. आम्ही ताईंचे तळवे चोळले, तोंडावर पाणी मारले. रुग्णवाहिका येईपर्यंत पडदा अगदी नीट धरलेला होता. ताईंची अब्रू शाबूत राहिली. ताई राहिल्या नाहीत. स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्या मुलीने आणून दिल्या.

३. त्या माणसांवर माझा राग नाही. (हे वाक्य दोनदा खोडले होते, थोडा आहे.) हेड मेकॅनिक नंतर शिवण खोलीत येऊन बसले नि म्हणाले, "हात पुढे गेला होता गं, पण बटणापाशी थिजला. उद्या कोणी काय म्हणेल?" सरावात बाईचे अंग त्यांच्या हाताखाली कधी आलेच नाही, ते ऐनवेळी कुठून येणार? इस्पितळातील डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काही तुमच्याच आगारात घडते असे नाही. बाईचे दुखणे उशिरा ओळखतात, आणि ती चारचौघांत पडली तर तिच्या छातीला हात लावायला लोक कचरतात. म्हणून मी पहिलवानाला छाती शिवली, वर आगाराचा गणवेश चढवला आणि बटणे गळ्यापर्यंत लावली.

४. नोटिशीत "अश्लील" हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. नम्रपणे निदर्शनास आणते की, खड्ड्याजवळच्या भिंतीवर टायरवाल्यांनी दिलेली दिनदर्शिका वर्षानुवर्षे टांगलेली असून तीवरील बाईच्या अंगावर बटण लावण्यापुरताही कपडा नाही. तिला आजवर नोटीस गेल्याचे ऐकिवात नाही. पुतळा मात्र चादरीत गुंडाळून आपल्या कपाटात कोंडला आहे. म्हणजे आता पुरुषांचाही सराव बंद. चौकशी करता कळले की, ती छाती पुरुष कर्मचाऱ्याने उसवणे उचित नाही, आणि जी महिला कर्मचारी उसवू शकते ती (म्हणजे मी) चौकशीखाली आहे, सबब निर्णय प्रलंबित आहे.

महिलांसाठी महिलांचे पथक नेमण्याचा प्रस्तावही विचाराधीन असल्याचे समजते. पहाटेच्या पाळीत आगारात एकच बाई असते, ती मी. मी पडले तर मलाच बोलावणे धाडायचे काय?

५. हे विचारायला कारण आहे. हल्ली माझाही जबडा ठणकतो. पित्ताची गोळी न घेता मी सरळ इस्पितळ गाठले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. उपचाराची तारीख मिळाली आहे, पण लांबची, आणि तोवर कामावर यायचेच आहे. मला एका जागी बसवत नाही. मशीन मध्येच थांबवून दाराशी जाते, आसपास कोण आहे ते पाहते, त्यातला कोण पाठ फिरवील याचा अंदाज बांधते, परत येते, पुन्हा उठते. मला भीती वाटते, महोदय. मरणाची वाटते आणि त्या पडद्याचीही वाटते.

सबब विनंती की, पुतळा छातीसकट बाहेर काढावा आणि सरावाला आम्हां तिघींनाही घ्यावे. मला शिक्षा द्यायची ती खुशाल द्यावी. यातले काहीच जमत नसेल तर सोबतचे संमतीपत्र निदान सूचना फलकावर लावावे. साक्षीदार म्हणून माझ्या यजमानांची सही आहे. ते पेनाचे टोपण काढत नि पुन्हा लावत होते. शेवटी सासूबाईंनी कागद ओढून आधी आपला अंगठा उठवला नि म्हणाल्या, "अरे, लाज राखायला आधी बाई राहायला हवी." मग यजमानांनी सही केली.

पडल्यावर मला विचारता येणार नाही. म्हणून आज, पूर्ण शुद्धीत, आगारातील प्रत्येक पुरुषाला लिहून देते : पाठ फिरवू नका. हात लावा. बटणे निघत नसतील तर कपडा फाडा. जगले तर मी तो शिवून घेईन.

उत्तराची वाट उभ्यानेच पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
आसन-कव्हर शिवणारी, शिवण खोली

दिनांक : नोटीस हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : संमतीपत्र, सही व अंगठ्यासह. जादा प्रती खड्ड्याजवळ, स्टोअरमध्ये व चालकांच्या विश्रांती खोलीत लावण्यासाठी.