रुळांकडची बाजू

३ तारीख
ताईने वरची खोली दिली आहे. खिडकीतून रूळ दिसतात. भाऊजी म्हणाले, रेल्वेवेड्याला आणखी काय हवं. नोकरी आवडली. संगणकावर रेल्वे चालवायचा खेळ बनवतात. पहिलंच काम: कोणता निसर्गरम्य मार्ग घ्यायचा ते मी ठरवायचं.

८ तारीख
समुद्रकाठच्या मार्गावर एका बाजूला नुसतं पाणी. जंगलातला फार अंधारा. दरीतला निवडला. पूल आहे, वळणं आहेत, आणि ताईचं घर आहे. ती म्हणाली, आधी सांगायचंस, पडदे तरी धुतले असते.

१५ तारीख
इंजिनात बसून चित्रीकरण केलं. गाडी घरासमोरून गेली तेव्हा ताई खिडकीत होती, भाऊजी मागे स्वयंपाकघरात. मला खेळात पूर्ण घर उभं करायचं होतं. साहेबांनी अडवलं. इथली पद्धत अशी की रुळांवरून दिसतं तेवढंच बांधायचं. मागची बाजू हवी असेल तर गवंड्याच्या हाताखाली जा, म्हणाले. सगळे हसले. मीही.

२१ तारीख
मार्ग पूर्ण झाला, साहेबांनी तो खेळात घातला. संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघराचं दार उघडेना. लाकूड फुगलं असेल. ताईला विचारलं. ती खिडकीतून न वळता म्हणाली, गाडी येईल आता.

२२ तारीख
दार नाही. भिंतीवर दाराचा रंग आहे. भाऊजींना हाका मारल्या. ओ नाही.
साहेबांना फोन केला. म्हटलं, मागची बाजू बांधू द्या, माझी माणसं अडकलीत. ते म्हणाले, एकदा खेळात गेलेल्या मार्गाला हात लावता येत नाही. झोप काढ जरा.

२३ तारीख
रस्ता घराच्या कोपऱ्यापर्यंतच. पुढे करडं, सपाट. रुळांवरून चालत बोगद्यात शिरलो. बाहेर पडलो तो ताईच्या घरासमोर.
फोन लागत नाही.

२४?
ताईला ओढलं. हलत नाही. वेडा आहेस का, म्हणते, तोंड रुळांकडेच. तिच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवायला गेलो —
पाठ —

गाडी गेली. ओरडलो. काचेआडून कुणी बघत होतं. बघतात आणि पुढे जातात.

ताईला सोडवायचा उपाय सुचलाय. होईल, नक्की होईल. आधी नीट लिहून काढतो. पान भरत आलं, बाकीचं उलटून मागच्या बाजू—