नाव पोचलं होतं

ताई,

छापखान्याला पानं पाठवायचा आपला जुना सर्व्हर शनिवारी बंद होणार. सिस्टिम विभागातल्या बाईंनी आज दुपारी तसं पक्कं सांगितलं. बंद करण्याआधी त्यांनी त्यातल्या नोंदी उघडल्या होत्या, कोणत्या कॉम्प्युटरवरून कोणती फाइल कधी गेली त्या. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्या यादीत काल संध्याकाळचं पानसुद्धा तुम्हीच पाठवलेलं आहे. तुमचं लॉगिन कुणी बंदच केलं नाही. नवीन लोक तोच पासवर्ड टाकतात. हे नाव कुणाचं, असं कुणी विचारत नाही. रोज ते पडद्यावर उमटतं आणि मी दुसरीकडे बघतो.

पान कसं सोडायचं ते तुम्हीच शिकवलंत. फाइल निघाली की पलीकडच्या यादीत तिचं नाव लगेच दिसतं, ती स्वतः मात्र मागून तुकड्यातुकड्यानं येत राहते. पहिल्याच आठवड्यात मी नुसतं नाव बघून उठलो, तर तुम्ही बाही धरून खाली बसवलंत. "नाव बघून हो म्हणायला ते स्थळ आहे का रे? वजन बघ. इथलं नि तिथलं सारखं झालं की मग जा चहाला." फाइलच्या आकाराला तुम्ही वजन म्हणायचात. आता सगळं ऑफिस म्हणतं.

त्या संध्याकाळी तुमच्या मुलीला ताप आहे. पान सोडायची परवानगी फक्त तुमच्या लॉगिनला. तुम्ही पर्स उचलत म्हणता, "तुझ्या मशीनवर माझं लॉगिन टाक, शेवटचं पान सोड." मी सोडतो. पलीकडे नाव दिसतं आणि मी उठतो. लाइन मध्येच तुटली, हे सकाळी कळलं. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा छापला गेला होता आणि तिथं निधनवार्ता होत्या. पेठहून आलेला एक माणूस काउंटरवर अंक आपटत होता. "माझ्या बापाचा दहावा आज, आन् तुमच्या पेपरात निस्ता पांढरा कागद! लोकांना कळायचं कसं?"

संपादकांनी विचारलं, "पान कुणी सोडलं?" तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. तुम्ही म्हणालात, "लॉगिन माझं होतं." पुढच्या आठवड्यात तुमची नांदगावला बदली झाली. त्यानंतर कधीही भेटलात की एवढंच विचारायचात, "काय रे, वजन बघतोस ना?" रागानं विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

तुमच्या दहाव्याला तुमची मुलगी मला म्हणाली, "आईच्या हातून उभ्या नोकरीत एकच चूक झाली, ती तिला शेवटपर्यंत लागून राहिली." मी मान हलवली.

आज त्या बाईंनी नोंदींतली त्या संध्याकाळची ओळ दाखवली. "सर, लॉगिन ताईंचं आहे, पण मशीन तुमचं दिसतंय. ठेवायचं का हे?" मी त्याचा कागद छापून घेतला. मला त्याची गरज नव्हती, मला माहीतच होतं. तुमच्या मुलीला माहीत नाही.

उद्या अकरा वाजता ओझरला तिच्या घरी जायचं आहे. आईचा एक जुना फोटो सापडलाय, तो द्यायला येतो, असं मी तिला फोनवर सांगितलं. फोटो वगैरे काही नाही, ताई.