चौकटीत दुसरा चेहरा

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

ऑनलाइन परीक्षेचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. 'तुम्ही तरुण, तुम्हाला मोबाइलमधलं कळतं,' इति प्राचार्य. तासिका तत्त्वावरच्या बाईने नाही म्हणायचं नसतं. दर जूनला नेमणूक त्यांच्याच सहीने होते.

घरबसल्या पेपर, कॅमेरा चालू, दर मिनिटाला एक फोटो. वर्गात छाया गावित उठली. सुरगाण्याकडची. म्हणाली, 'मॅडम, आमच्या पाड्यात रेंज नाय. टेकडीवर जावं लागतं, तिथं कुणी नसतं.' मी सगळ्याच मुलींना सांगून टाकलं — एकट्या जाऊ नका, घरातलं कुणीतरी सोबत न्या. दिवसभर स्वतःवर खूश होते. नियमांची पंचवीस पानं मात्र वाचली नव्हती.

४ ऑक्टोबर

पेपर झाला. सर्व्हर पडला नाही. देव पावला.

६ ऑक्टोबर

कसला पावतोय! संगणकाने कॉपीचा संशय म्हणून एक नाव काढलंय. छाया. 'चौकटीत दुसरा चेहरा, ४७ वेळा.'

फोटो उघडले. मागे तिची आई, नवसाबाई. उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसत नाही म्हणून छत्री धरून उभी. पूर्ण तासभर. नजर पेपराकडे नाहीच, पायवाटेकडे. एका फोटोत पदराने लेकीची मान पुसतेय. या बाईला अक्षरओळख नाही, ती काय कॉपी देणार? पण संगणकाला चेहरा तेवढा कळतो.

नियम आता वाचला: पेपरला बसताना सोबत कुणीही चालत नाही. कॉपी सिद्ध झाली तर सत्र रद्द. सत्र गेलं की शिष्यवृत्ती बंद, आणि छाया दिंडोरीला, द्राक्षांच्या छाटणीला. तिच्या दोन्ही बहिणी तिकडेच गेल्या.

८ ऑक्टोबर

चौकशी समिती बसली. परीक्षा माझ्याकडे, म्हणून समितीतही मी. छाया पहाटेच्या जीपने निघून आली होती, केसांवर धूळ.

'आईला कशाला नेलं?' प्राचार्य सरांनी विचारलं.

'एकटीला धाडली नसती, सर.'

'नियम माहीत नव्हता?'

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, फार नाही. मी समोरच्या कागदावर तारीख लिहिली. मग तीच तारीख पुन्हा गिरवली.

शेवटी सर म्हणाले, 'कबूल करून लिहून दे, पुढच्या वर्षी बसू देऊ. नाहीतर नावच कमी होईल.' तिने विचार करायला दोन दिवस मागितले. जिन्यात मला नमस्कार करून गेली. नसता केला तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर

मी भित्री आहे. दुसरा शब्द नाही.

१० ऑक्टोबर

पत्र लिहिलं. तीन ओळी, दोन तास लागले. 'घरच्यांना सोबत न्या असं विद्यार्थिनींना मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. छायाचं सत्र रद्द करू नये.' खाली सही. जूनमध्ये नेमणूक गेली तर गेली. शिकवण्या घेईन. नाशिकरोडला दर गल्लीत क्लास आहेत, त्यात आणखी एक. आज दोन घास नीट जेवले.

११ ऑक्टोबर

पत्र घेऊन केबिनमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, 'मिटलं ते प्रकरण. मुलगी काल संध्याकाळी लिहून देऊन गेली.' अर्ज माझ्यापुढे सरकवला. गोल, सुटं अक्षर. कॉपी केली, माफी असावी. आणि अगदी खाली, वेगळी ओळ — 'आईला सोबत न्यायला मॅडमनी सांगितलेले नाही.'

सर चष्म्यावरून बघत होते. 'तुमचं नाव तर कुणी काढलंच नव्हतं. हिने हे का लिहावं?'

'काय माहीत, सर,' मी म्हणाले.

पत्र पर्समध्येच आहे.