प्रतिज्ञापत्राचे सहावे कलम

प्रिय धाकट्या,

तुझे शेवटचे कार्ड येऊन गेल्या महिन्यात सात वर्षे झाली. इतका काळ ज्याची काहीच खबर नाही तो मेला, असे कायदा गृहीत धरतो. मात्र कोणीतरी तसा अर्ज करावा लागतो. तो तुझ्या बायकोने केला आहे. तिला पुन्हा लग्न करायचे आहे. गृहस्थ दातांचा डॉक्टर आहे. कमी बोलतो, ऐकून घेतो. तुझी आई म्हणते, असला माणूस आपल्या घरात निपजलाच नाही. न्यायालयाला बापाचेही प्रतिज्ञापत्र हवे आहे. माझी सही झाल्याशिवाय सुनेची सुटका नाही.

पुरावा नसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे, हे मी तर्कशास्त्राच्या वर्गात जन्मभर सांगितले. त्या एका वाक्यावर तुझ्या आईने इतकी वर्षे काढली. 'शक्य आहे ना? मग झालं तर!' असे ती म्हणे, आणि शक्य व संभाव्य यांतला भेद मी तिला पुन्हा समजावून देई. परवा तिने तुझे सदरे इस्त्री करून देऊन टाकले. शक्यतेचे नावही काढले नाही. माझ्याशी वाद घालणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

तू गेलास त्या दुपारी जेवताना मी तुझे तिन्ही मुद्दे खोडून काढले होते. नोकरी सोडण्याचे तुझे कारण कच्चे होते, हे मी आजही म्हणेन. थोरला तेव्हा पुटपुटला होता, 'बाबा, तो सल्ला मागतोय, परीक्षेला नाही बसलेला.' महिन्याने कार्ड आले: 'पोचलो. काम मिळाले.' खाली खोलीचा पत्ता. ज्याची चूक त्याने आधी सविस्तर लिहावे, या न्यायाने मी उत्तर दिले नाही. पुढे तुझा फोन बंद झाला. थोरला शोधत गेला तेव्हा खोलीला कुलूप होते, आणि शेजाऱ्यांना तुझा चेहराही आठवत नव्हता.

प्रतिज्ञापत्राचे सहावे कलम असे आहे: 'शेवटच्या ज्ञात पत्त्यावर मी पत्र पाठवले, ते परत आले.' मी पाठवलेच नव्हते, हे सांगताच वकील हसला. 'सर, छापील मजकूर आहे. सगळेच बाप सही करतात.' खोट्यावर मी सही करणार नाही, असे मी म्हणालो. शेजारी बसलेली सून म्हणाली, 'मग आता एक पाठवा ना, बाबा. मी थांबते.' न फोडलेले पाकीट परत आले की ते जोडायचे, म्हणजे कलम खरे होईल. आत कोरा कागद घातला तरी चालतो, असे वकिलाने सांगितले. काल तसा घालून, पाकीट चिकटवून मी पोस्टाच्या खिडकीपर्यंत गेलो आणि माघारी आलो. हे दुसरे पाकीट. तेही तसेच परत येणार, हे मला ठाऊक आहे. पत्ता मात्र मी तीनदा पडताळून पाहिला.

उत्तराला सात वर्षे उशीर केलेला,
तुझाच,
बाबा