मीटर बाबांच्या नावावर

७ जून
आलो एकदाचे! कळवणहून सकाळी सहाला टेम्पो निघाला, पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये सामान लागेपर्यंत दोन वाजले. आई खूश आहे. इमारत म्हणे हुशार. माणूस खोलीत आलं की दिवा लागतो, गेलं की बंद. घरातल्यांच्या सवयी यंत्रणा आपोआप शिकते, दाराचं कुलूपसुद्धा तिच्याच ताब्यात. आईचं ऑक्सिजनचं मशीन खिडकीजवळ लावलं. सोसायटीचे सेक्रेटरी अश्विन यांनी फॉर्म दिला. 'मालक' या रकान्यात मी बाबांचं नाव टाकलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण फ्लॅट त्यांनीच बुक केलेला, त्यांच्याच नावावर आहे. गावी विहिरीवरचं मीटर अजून आजोबांच्या नावावर चालतंय, कुणाचं काय अडलं?

१२ जून
डोकं फिरायची वेळ आली. शाळेत शिकवून घरी आले तर आईचं मशीन बंद आणि आई उशीला टेकून धापा टाकतेय. बटण दाबून ते पुन्हा चालू केलं. ॲप सांगतं, मालकाच्या सवयीप्रमाणे जादा वीज बंद केली. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग तिथली मुलगी म्हणाली, बदल करायला मालकांची मंजुरी लागेल. मालक वारलेत म्हटलं, तर म्हणते, फोन त्यांच्याकडे द्या. कपाळ माझं!

१६ जून
मृत्यूचा दाखला तीनदा पाठवला. तीनदा 'तक्रार निकाली' असा निरोप. आज मधल्या सुट्टीत ॲप उघडलं, घरात दोन माणसं दाखवत होतं. घरी आई एकटी होती. अश्विन म्हणाले, पडदा हलला तरी सेन्सरला माणूस वाटतं. आम्ही पडदे अजून लावलेच नाहीत.

१९ जून
स्वयंपाकघरातला दिवा मी लावते, तो विझतो. पुन्हा लावते, पुन्हा विझतो. बाबा असेच मागे मागे फिरून बटणं बंद करायचे, एक बल्ब जादा जळाला तर घर डोक्यावर घ्यायचे. हे यंत्रणेला शिकवलं कुणी? राग येतोय आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटतेय. आई नुसती हसते.

२० जून
मशीनचा प्लग तरी वगळा म्हणून अर्ज केला. दहा सेकंदांत उत्तर. 'मालकाने नाकारले.'
मंजुरी मालकाच्या फोनवरून येते म्हणे, पण बाबांचा नंबर मीच बंद केला होता. तीन वर्षांपूर्वी. मग नाकारलं कुणी —

२१ जून
औषधं आणायला खाली गेले. पाच मिनिटं, फक्त पाच. आता दार उघडत नाही. ॲपवर माझ्या नावापुढे — 'निकिता : नाव कमी केले. मालकाची मंजुरी मिळाली.'
अश्विन सुताराला आणायला धावलेत. दार बडवून हात सुजले. वही पर्समध्ये होती. लिहितेय, नाहीतर वेड लागेल —
आत मशीनची घरघर चालू आहे. चालू आहे तोवर ठीक. अर्धा तास निघतो आईचा मशीनशिवाय, जास्त नाही —
थांबली. घरघर थांबली.
हाका मारतेय. आई बोलतेय, पण माझ्याशी नाही —
"अहो, राहू द्या ना ते मशीन. पोरीला आत तर येऊ द्या."
या सुरात आई फक्त बा